प्राण्यांच्या कायरोप्रॅक्टिकचं प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

पशुवैद्यक म्हणून काही वर्षं काम झाल्यावर कायरोप्रॅक्टिक (म्हणजे मणक्याच्या आणि इतर सांध्यांवर हाताने दाब देऊन करायचा उपचार) शिकायचा विचार करत असाल, तर फी भरण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. या प्रमाणपत्राने प्राण्यावर उपचार करण्याचा हक्क मिळत नाही. तो मिळतो पशुवैद्यकाच्या परवान्याने, आणि तोही जिथे काम करणार तिथल्याच परवान्याने. प्रमाणपत्र त्यावर एक कौशल्य जोडतं, इतकंच. म्हणून कोर्सच्या आधी परवान्याकडे बघा.

मध्ये काही वर्षं काम बंद ठेवलेल्यांना तर हे जास्तच लागू आहे. मुदत संपलेला किंवा ‘निष्क्रिय’ यादीत गेलेला परवाना पुन्हा चालू करायला थकलेली फी, राहिलेले निरंतर शिक्षणाचे तास आणि मधल्या काळाचा खुलासा मागितला जातो. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. कोर्सची जागा मिळाली आणि परवाना अडकला, तर जागा हातची जाते.

या क्षेत्रात दोन संस्थांची प्रमाणपत्रं प्रामुख्याने चालतात. पहिली १९८९ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन व्हेटरनरी कायरोप्रॅक्टिक असोसिएशन, म्हणजे एव्हीसीए. दुसरी इंटरनॅशनल व्हेटरनरी कायरोप्रॅक्टिक असोसिएशन, म्हणजे आयव्हीसीए. तिचा वावर युरोपात जास्त. या संस्था स्वतः शिकवत नाहीत. त्या कोर्सना मान्यता देतात, परीक्षा घेतात आणि प्रमाणित लोकांची यादी ठेवतात. त्यामुळे तुमचे अर्ज दोन: आधी मान्यताप्राप्त शाळेकडे प्रवेशाचा, मग संस्थेकडे परीक्षेचा. कोर्स पूर्ण केल्याचा दाखला आणि संस्थेचं प्रमाणपत्र यांत गल्लत करू नका.

एव्हीसीएच्या मार्गाने पात्र असतात ते परवानाधारक पशुवैद्यक आणि माणसांवर उपचार करणारे परवानाधारक कायरोप्रॅक्टर. दोघं एकाच वर्गात बसतात. एकाला प्राण्यांचे रोग ठाऊक असतात, दुसऱ्याचा हात मणक्यावर बसलेला असतो. बऱ्याच शाळा शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही घेतात. पशुवैद्यकीय नर्स, ग्रूमर किंवा प्रशिक्षकांना मात्र हा रस्ता बंद आहे.

प्रवेशाच्या अर्जाला साधारणपणे पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रकं, चालू परवान्याची प्रत, अनुभवाचा गोषवारा आणि फोटो ओळखपत्र लागतं. परदेशातल्या शाळेत जाणार असाल तर गुणपत्रकं विद्यापीठाने थेट पाठवावीत अशी अट असू शकते. स्वतः स्कॅन करून जोडलेली मग चालत नाहीत. तसंच नोंदणी परिषदेकडून ‘गुड स्टँडिंग’चा दाखला मागितला जातो, म्हणजे तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई झालेली नाही असं पत्र. ते काही महिनेच ग्राह्य धरलं जातं, म्हणून बाकी सगळं हाताशी आल्यावरच ते काढा. पदवीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर नावबदलाचा पुरावा पहिल्याच टपालात घाला. अर्ज परत येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. धनुर्वात आणि रेबीजच्या लशी झालेल्या असाव्यात, हे पशुवैद्यकाला सांगायची गरज नसावी. नोंद मात्र सोबत ठेवा.

एव्हीसीए मान्यतेसाठी कोर्स किमान २१० तासांचा असावा लागतो. तो बहुधा भागाभागांत घेतात: काही दिवस वर्ग, मग घरी जाऊन सराव, मग पुढचा भाग. त्यामुळे दवाखाना पूर्ण बंद करावा लागत नाही. श्रोणी, कंबर, पाठ, मान आणि पाय असे शरीराचे भाग घेतले जातात. सोबत चेताशास्त्र आणि चालीचं परीक्षण असतं. शरीररचना आधीच घासूनपुसून जा. घोड्याला पाठीचे मणके १८ आणि कमरेचे ६, कुत्र्याला १३ आणि ७, मानेचे मात्र दोघांनाही ७, हे जिभेवर असायला हवं. हातांना आणखी बारीक शिकावं लागतं. प्रत्येक मणक्यामधले सांधे वेगवेगळ्या कोनात बसलेले असतात आणि दाब त्या प्रतलातच जावा लागतो. म्हणून घोड्याच्या पाठीवर काम करताना माणूस उंच ठोकळ्यावर उभा राहतो, कोपर आणि खांदा एका रेषेत आणतो, आणि मग एकच छोटा, झटपट दाब देतो. हाडवैद्याचा हिसका इथे उपयोगाचा नाही. खांदेदुखीमुळे शस्त्रक्रिया सोडून इकडे येणाऱ्यांनी तरीही एक दिवस प्रत्यक्ष बघून यावं. घोड्यांचं काम अंगावर येतंच.

प्रमाणपत्राच्या परीक्षेत लेखी आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग असतात. प्रात्यक्षिकात कुठला सांधा कमी हलतोय हे बोटांनी शोधायचं असतं आणि कुठे हात लावायचा नाही हेही ओळखायचं असतं. फ्रॅक्चर, गाठ, जंतुसंसर्ग, पाठीतली चकती सरकून पाय लुळे पडत चाललेला डॅशहुंड, ही थांबायची ठिकाणं. इथेच पशुवैद्यकाची मूळ पदवी कामी येते.

आता कायद्याचं. तो जागेगणिक बदलतो. कॅलिफोर्नियात प्राण्याला तपासण्याचं काम पशुवैद्यकाचं. कायरोप्रॅक्टर त्याच्या थेट देखरेखीखालीच हात लावू शकतो. शिवाय ही पर्यायी, रूढ नसलेली पद्धत आहे हे मान्य असल्याची मालकाची सही नोंदीत ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये १९६६ च्या व्हेटरनरी सर्जन्स कायद्याखाली २०१५ चा सवलतीचा आदेश आहे. त्यानुसार पशुवैद्यकाच्या निर्देशाखाली इतर व्यक्ती फिजिओथेरपीत मोडणारे हस्तोपचार करू शकतात. तिथे १९९४ च्या कायद्याने ‘कायरोप्रॅक्टर’ ही उपाधी संरक्षित आहे, तेव्हा पाटी रंगवण्याआधी विचारून घ्या. ‘स्पेशालिस्ट’ तर कुठेच लिहू नका: अमेरिकेत मान्य विशेष शाखांमध्ये २०१० पासून क्रीडावैद्यक व पुनर्वसन आहे, कायरोप्रॅक्टिक नाही. आपल्या परिषदेला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. तोंडी ‘हो, चालतं’ पुढे कामाला येत नाही.

मालकांशी बोलतानाही हात आखडता ठेवलेला बरा. घोड्यांच्या पाठीवरच्या काही छोट्या अभ्यासांत दाबाला होणारी वेदना कमी झालेली दिसली आहे. कुत्र्या-मांजरांबाबत पुरावा तोकडा आहे. लंगडणाऱ्या कुत्र्याचा एक्स-रे टाळायला हे निमित्त होता कामा नये.

व्यावसायिक विम्यात हस्तोपचार आपोआप येतातच असं नाही. विमा कंपनीला प्रमाणपत्राची प्रत पाठवून तसं पॉलिसीत लिहून घ्या आणि त्यानंतरच पहिला रुग्ण घ्या. प्रमाणपत्र टिकवायलाही ठरावीक मुदतीत निरंतर शिक्षणाचे तास भरावे लागतात. ते परवान्याच्या तासांतही धरले जातात का, हे परिषदेला त्याच पत्रात विचारून टाका.