अंगावरून वारं गेल्यावर वय किती आडवं येतं?

पक्षाघात होऊन तीन दिवस झालेत. रुग्णाला खाटेवर पाठीला उशी देऊन बसवलंय. फिजिओथेरपिस्ट लुळ्या बाजूला येते आणि दोनच गोष्टी करायला सांगते: हात खांद्यातून बाजूला उचला आणि मिटलेली बोटं उघडा. प्रत्येक हालचालीला ० ते ५ गुण. काहीच हललं नाही तर ०, स्नायू नुसता फुरफुरला तर १, स्वतःचं वजन पेलून हात वर आला तर ३, आणि तिने दाबूनही पूर्ण ताकदीने टिकला तर ५. दोन्ही मिळून जास्तीत जास्त १०.

या बेरजेवरून तीन महिन्यांनी हात किती कामाचा होईल, याचा अंदाज बांधायची पद्धत न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी २०१७ साली मांडली. बेरीज ५ किंवा जास्त आणि वय ८०च्या आत असेल, तर हात उत्तम सुधारेल. वय ८० किंवा पुढे असेल, तर 'उत्तम'साठी बेरीज निदान ८ हवी. ५ ते ७ असेल तर हात 'चांगला' होईल, म्हणजे रोजच्या बऱ्याच कामांना येईल, पण पूर्वीसारखा सफाईदार नाही. आणि बेरीज ५च्या खाली असेल तर? तिथे वय विचारलंच जात नाही. डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन मेंदूपासून हाताच्या स्नायूंपर्यंतची वाट शाबूत आहे का, ते बघतात. संदेश पोहोचला तर आशा चांगली. नाही पोहोचला, तर पक्षाघाताची तीव्रता बघून अंदाज करतात. चारांपैकी साधारण तीन रुग्णांत हा अंदाज बरोबर येतो.

म्हणजे या सगळ्या हिशेबात वय येतं ते एकाच फाट्यावर. आपल्याकडे मात्र पहिलं वाक्य तेच असतं: "आता या वयात काय सुधारणार?"

हा प्रश्न कोपनहेगनमध्ये नीट तपासला गेलाय. तिथल्या ५१५ रुग्णांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. हातापायांची ताकद, बोलणं अशी मेंदूशी थेट जोडलेली सुधारणा वय जास्त म्हणून अडली नव्हती. मागे पडली होती ती रोजची कामं: अंघोळ, कपडे, जिना, संडासला जाणं. संशोधकांनी कारण काढलं ते असं, की म्हाताऱ्या माणसाला जे गेलं त्याची भरपाई दुसरीकडून करणं जड जातं. उजवा हात गेला तर चाळिशीतला माणूस डाव्या हाताने बटण लावायला शिकतो. पंचाहत्तरीतल्या माणसाला तेच शिकायचं असतं, पण डोळ्यात मोतीबिंदू आणि डाव्या अंगठ्यात संधिवात असतो. काठी घ्यावी तर चांगल्या बाजूचाच गुडघा झिजलेला. मेंदू शिकायला तयार असतो, पण ज्या अवयवांवर भार टाकायचा तेच आधी थकलेले असतात.

आता उपचारांकडे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात, लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. त्यातल्या अल्टेप्लेज या औषधाचा डोस किलोला ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९० मिलिग्रॅम. दहावा हिस्सा एकदम, उरलेला तासाभरात सलाइनच्या पंपाने. ६० किलोच्या माणसाला एकूण ५४ मिलिग्रॅम: ५.४ सुरुवातीला, ४८.६ नंतर. टेनेक्टेप्लेज हे नवं औषध एकाच झटक्यात देऊन होतं. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो.

तरी बरीच वर्षं ८०च्या पुढच्यांना हे इंजेक्शन द्यायला डॉक्टर कचरत होते. तीन ते साडेचार तासांच्या टप्प्यात औषध चालतं हे २००८ साली ज्या चाचणीने दाखवलं, तिच्यात ८०च्या वरचे रुग्ण घेतलेच नव्हते. घेतले नाहीत म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून द्यायचं नाही, असं ते चक्र. ते मोडलं २०१२च्या एका मोठ्या चाचणीने. तिच्यातल्या ३,०३५ रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त ८०च्या वरचे होते. मग २०१४ साली नऊ चाचण्यांमधल्या ६,७५६ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा फायदा वयावर अवलंबून नाही हे स्पष्ट झालं. धोका आहेच: सात दिवसांत मेंदूत जीवघेणा रक्तस्राव औषध न दिलेल्यांत ०.४ टक्के, तर दिलेल्यांत २.७ टक्के. पण तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांपैकी ३२.९ टक्के जवळजवळ पूर्ववत झाले, न मिळालेल्यांपैकी २३.१ टक्के.

इथे एक चूक सर्रास होते. उपचार झालेल्या ८५ वर्षांच्या आजींची तुलना उपचार झालेल्या ५५ वर्षांच्या माणसाशी केली जाते. त्या तुलनेत आजी मागेच दिसणार. खरी तुलना व्हायला हवी ती उपचार न मिळालेल्या ८५ वर्षांच्या दुसऱ्या आजींशी. तिथे उपचाराचं पारडं जड असतं. मांडीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याच्या प्रक्रियेलाही हेच लागू आहे. म्हाताऱ्या माणसाची महाधमनी नागमोडी झालेली असते, नळी वर चढवायला वेळ लागतो, पण फायदा ८०च्या पुढेही टिकतो.

वय खरोखर कुठे मोजलं जातं, ते २०१८ सालच्या एका चाचणीत नेमकं दिसतं. पक्षाघाताला ६ ते २४ तास उलटलेल्यांची गुठळी काढावी का, हा तिचा प्रश्न होता. स्कॅनवर मेंदूचा किती भाग कायमचा मेलाय ते बघून रुग्ण निवडले. वय ८० किंवा जास्त असेल तर मेलेला भाग २१ मिलिलिटरच्या आत हवा. त्याखालच्या वयाला ३१ मिलिलिटरपर्यंत चालत होतं आणि पक्षाघात फार तीव्र असेल तर ५१पर्यंत. २१ मिलिलिटर म्हणजे जेमतेम चार चहाचे चमचे. म्हाताऱ्या मेंदूकडे शिल्लक कमी असते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने आतल्या पांढऱ्या द्रव्यात, म्हणजे मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंत, आधीच बारीक बारीक खड्डे पडलेले असतात. वळसा घालून जायला जे रस्ते लागतात, त्यातलेच काही बंद असतात.

एका शस्त्रक्रियेत मात्र वय सगळा निकाल फिरवतं. मोठ्या पक्षाघातानंतर मेंदू इतका सुजतो की कवटीत मावत नाही. तेव्हा कवटीचा मोठा तुकडा काही महिन्यांसाठी काढून ठेवतात. साठीपर्यंतच्या ९३ युरोपीय रुग्णांत वर्षभरानंतर जगण्याचं प्रमाण यामुळे २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेलं, आणि आधाराशिवाय चालू शकणाऱ्यांचं २१वरून ४३ टक्क्यांवर. साठीच्या पुढच्या ११२ रुग्णांतही सहा महिन्यांनंतर मृत्यू ७०वरून ३३ टक्क्यांवर आले. पण आधाराशिवाय चालू शकणारे फक्त ७ टक्के निघाले, आणि पूर्ण स्वावलंबी एकही नाही. इथे डॉक्टरांनी नातेवाइकांना "जीव वाचेल" एवढंच सांगून सही घेणं बरोबर नाही. पुढची वर्षं कशी असतील, तेही त्याच बैठकीत सांगायला हवं.

दवाखान्यातून घरी आल्यावर वय गाठतं ते वेगळ्याच वाटांनी. पहिली वाट अंथरुणाची. धडधाकट, सरासरी ६७ वर्षांच्या माणसांना प्रयोग म्हणून दहा दिवस फक्त झोपवून ठेवलं, तेव्हा पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं. पक्षाघात नाही, आजार नाही, नुसती खाट. म्हणून लवकर उठवायचं, पण तेही तारतम्याने. २०१५ सालच्या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच दणकून उभं करायला आणि चालवायला सुरुवात केलेल्यांचे परिणाम उलट किंचित वाईट आले. एकाच वेळी अर्धा तास उभं करून दमवण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा पाच-दहा मिनिटं बसवणं, उभं करणं म्हाताऱ्या शरीराला मानवतं. जेवणातलं प्रथिनही बघावं लागतं. "पचायला हलकं" म्हणून पंधरा दिवस नुसती पेज आणि वरणाचं पाणी दिलं, तर झडलेलं मांस परत येणार कशातून?

दुसरी वाट घशाची. पातळ पदार्थ सोपे, असा आपला समज, पण गिळण्याचे स्नायू ढिले पडले की पाणी, चहा, ताक हेच आधी श्वासनलिकेत उतरतात. ठसका लागतोच असं नाही. म्हाताऱ्या माणसात खोकल्याची ऊर्मीही मंदावलेली असते, आणि चौथ्या दिवशी थेट न्यूमोनियाच होतो. म्हणून तोंडाने काहीही देण्याआधी गिळण्याची तपासणी झालीच पाहिजे. घरी भरवताना ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चहाचा चमचा अर्धा भरून, पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आवाज ओला, घुरघुरता येत असेल तर थांबायचं. दात आणि कवळी रोज दोनदा स्वच्छ हवी, कारण न्यूमोनियाचे जंतू बऱ्याचदा तोंडातलेच असतात.

तिसरी वाट खांद्याची, आणि ती घरचेच तयार करतात. उठवताना लुळा हात धरून ओढला की सैल पडलेला सांधा खोबणीतून खाली सरकतो. मग हात हलवला की कळ, म्हणून व्यायाम बंद, म्हणून हात आखडतो. आधार द्यायचा तो कमरेला किंवा पाठीमागून खांद्याच्या फऱ्याला. बसलेलं असताना हात उशीवर ठेवायचा, लोंबकळू द्यायचा नाही.

औषधांचं म्हणाल तर आधीच्या गोळ्यांची पिशवी एकदा डॉक्टरांपुढे रिकामी करा. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या आणि लघवीच्या तक्रारीवरची काही औषधं मेंदूला सुस्त करतात आणि तोल घालवतात. फ्लुओक्सेटिन ही उदासीनतेवरची गोळी मेंदूचं टॉनिक म्हणून देण्याची एक लाट आली होती. ३,१२७ रुग्णांच्या २०१८च्या चाचणीत हातापायांच्या सुधारणेत काही फरक पडला नाही. हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र साधारण दुप्पट झालं. उदासीनता असेल तर तिच्यावर उपचार जरूर करावा, पण टॉनिक म्हणून ही गोळी नको.

आणखी एक गोष्ट वयाच्या नावावर खपून जाते: घरात कोण आहे. मुंबईत २००५-०६ साली झालेल्या पाहणीत पक्षाघात झालेल्या पुरुषांचं सरासरी वय ६३.४ होतं, बायकांचं ६८.९. बायकांना पक्षाघात होतो तेव्हा नवरा आणखी म्हातारा असतो, नाहीतर नसतोच. पुरुषाला उठवायला बायको असते. बाईला उठवायला सून कामावरून येईपर्यंत कोणी नसतं. आकडेवारीत मात्र दोन्हीकडे कारण म्हणून 'वय' एवढंच दिसतं.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. अमेरिकेतल्या एका लहान चाचणीत २० तासांचा जादा हाताचा सराव वेगवेगळ्या वेळी दिला, तर सर्वांत जास्त लाभ पक्षाघातानंतर दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यात दिसला. आपल्याकडे नेमकी तेव्हाच फिजिओथेरपी बंद होते: पैसे संपलेले असतात, मुलगा नोकरीवर परत गेलेला असतो. तेव्हा पहिल्या पंधरवड्यात रोज दोन वेळा थेरपिस्ट बोलावून पैसे संपवण्यापेक्षा काही फेऱ्या तिसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवाव्यात.

आणि ज्या ८२ वर्षांच्या आजोबांची तिसऱ्या दिवशीची बेरीज ६ आली, त्यांचा हात बहुधा पेला धरेल, दार ढकलेल, काठी पेलेल. सदऱ्याची बारीक बटणं कदाचित लावणार नाही. त्यांच्या सदऱ्यांना आताच बटणांऐवजी चिकटपट्टी (वेल्क्रो) लावून घ्या, संडासात कमोडच्या चांगल्या हाताकडच्या भिंतीला पक्की दांडी बसवा आणि खाट अशा उंचीची करा, की काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील.