अगस्तीच्या शेजारचा फिकट पांढरा तारा

फेब्रुवारीच्या मध्यावर, चांदणं नसेल तेव्हा, रात्री नवाच्या सुमारास मालवणच्या वाळूत दक्षिणेकडे तोंड करून उभं राहावं. अगस्ती शोधावा लागत नाही. पाऊस सरता सरता तो उगवला की पाणी निवळतं, असं आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. हात लांब करून अगस्तीच्या उजवीकडे तीन-चार बोटं मोजली की किंचित वर एक फिकट पांढरा ठिपका दिसतो. अगस्ती त्याच्यापेक्षा जवळजवळ सत्तर पट तेजस्वी, त्यामुळे याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. मला मात्र दक्षिणेच्या आकाशात याच्याइतका मोलाचा तारा दुसरा वाटत नाही. हा बीटा पिक्टोरिस.

1751-52 मध्ये लाकाय या फ्रेंच खगोलविदाने आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून हजारो तारे मोजले आणि रिकाम्या जागी नवी तारकामंडळं आखली. त्यांतलंच चित्रफलक, आणि हा तारा त्यातलाच. पुढे दोनशे वर्षं या ताऱ्याची नोंद तेवढी राहिली.

1983 मध्ये आयरास ही अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा प्रकाश टिपणारी, दुर्बीण अवकाशात गेली. अंगची उष्णता आड येऊ नये म्हणून ती द्रवरूप हेलियममध्ये गार ठेवलेली होती. बीटा पिक्टोरिसच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 8000 केल्विन, म्हणून तो पांढरा, सूर्याचं 5800 च्या आसपास. इतका तप्त तारा अवरक्तात किती दिसावा याचं गणित ठरलेलं असतं. हा त्याहून कितीतरी जास्त दिसत होता. म्हणजे त्याच्याभोवती ऊन खाऊन कोमट झालेलं काहीतरी होतं.

1984 मध्ये स्मिथ आणि टेरिल यांनी चिलीतल्या दुर्बिणीत ताऱ्याचा झगझगाट मध्येच झाकला. डोळ्यांवर ऊन आलं की आपण तळहात आडवा धरतो, तसंच. दोन्ही बाजूंना प्रकाशाची एकेक सरळ रेघ उमटली: कडेने दिसणारी धुळीची तबकडी. दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या अशा तबकडीचं हे पहिलंच छायाचित्र. अशी धूळ फार काळ टिकत नाही. लहानमोठे खडक एकमेकांवर आदळून ती सतत नव्याने भरत असतात.

त्यानंतर ताऱ्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यातल्या, कॅल्शियमच्या रेषा काही तासांत बदलताना दिसल्या. ती ताऱ्याकडे कोसळणाऱ्या धूमकेतूंची खूण होती. 2008 मध्ये एका महाकाय ग्रहाचं छायाचित्र जाहीर झालं, 2019 मध्ये दुसरा ग्रह सापडला. पहिल्याचा दिवस जेमतेम आठ तासांचा आहे.

तारा सूर्याच्या पावणेदोन पट वस्तुमानाचा, जवळजवळ नऊ पट तेजस्वी, सुमारे 63 प्रकाशवर्षांवर. वय मात्र दोन-सव्वादोन कोटी वर्षं. सूर्य 460 कोटींचा. आपली पृथ्वी घडत होती तेव्हाची धूळ, आदळआपट, धूमकेतूंचा मारा, ते सगळं तिथे आत्ता चालू आहे. रात्री दहा-साडेदहानंतर तो नैर्ऋत्येला कलू लागतो, आणि क्षितिजाजवळच्या दमट हवेत मावळण्याआधीच विरून जातो.