मुठीतली काजूची बी

राजापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या पडवीत मी दरवर्षी नववीच्या मुलांना एक खेळ देतो. दोघादोघांची जोडी. एकाच्या मुठीत काजूची बी, दुसऱ्याने ती तीस सेकंदांत मिळवायची. शिट्टी वाजली की नुसती झोंबाझोंबी. मनगटं पिरगळली जातात, बोटं एकेक करून उलगडली जातात, कुणाच्या शर्टाचं बटण तुटतं. वेळ संपली की मी विचारतो, "बी नुसती मागितली कुणी?" सगळे एकमेकांकडे बघतात. गेल्या वर्षी एक जण मनगट चोळत म्हणाला, "मागितलीन असती तर दिली असती की!"

माणसाचा पाय गुन्ह्याकडे का वळतो आणि तो परत कसा फिरवता येईल, याचा विचार मी या खेळापासून सुरू करतो. खेळ माझा नाही. शिकागोमध्ये 'बिकमिंग अ मॅन' नावाचा उपक्रम चालतो, त्यात गरीब वस्त्यांतल्या मुलांना मुठीत चेंडू देऊन हेच करायला लावतात. रस्त्यावर कुणी अंगावर आला तर लगेच हात उचलणं त्या वस्तीत कदाचित शहाणपणाचं असेल. पण तो हात सवयीने उठू लागला की वर्गातही उठतो आणि पोलिसासमोरही. म्हणून तिथे नीतीचे धडे देत नाहीत. समोरच्याच्या मनात काय आहे असं मी धरून चाललोय आणि ते खरं आहे का, हे क्षणभर थांबून बघायची सवय लावतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून, उपक्रमातल्या आणि उपक्रमाबाहेरच्या मुलांची तुलना केली होती. उपक्रम चालू असेपर्यंत हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. उपक्रम संपल्यावर मात्र अटकांमधला हा फरक टिकला नाही. सराव थांबला की सवय सुटते, हे भजनी मंडळातल्या कुणालाही पटेल.

आता आपल्या शिमग्याकडे बघा. होळीच्या आधी रात्री वाडीतली पोरं लाकडं पळवतात, कुणाची वई उचकटतात, माडावरची शहाळी उतरवतात. घरमालक शिव्या घालतो, पण पोलिसांत जात नाही. या पोरांतला एकेकटा दिवसा त्याच अंगणात जाऊन चहा पितो. दहा जण जमले की मात्र त्याच्या अंगात निराळंच वारं शिरतं. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये नेमकं हेच तपासलं. पडद्यावर गाडी चालवायचा खेळ होता, पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की रेटायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं. १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्र शेजारी असताना एकट्याच्या मानाने जवळपास दुप्पट धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्यांना मित्र असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही.

वयाचा हा भाग फार मोठा आहे. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. तिथे काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की गुन्ह्याकडे वळणारी बहुतेक मुलं किशोरवयात वळतात आणि मोठी झाली की आपोआप परततात. लहानपणापासून म्हातारपणापर्यंत त्याच वाटेवर राहणारा गट छोटा असतो. त्या गटाची सुरुवात अगदी बालवयात दिसते, आणि तिच्यामागे मेंदूच्या वाढीतल्या अडचणी आणि घरातली आबाळ या दोन्हींची सांगड असते. त्यांच्यासाठी मदत अंगणवाडीच्या वयातच पोचायला हवी.

मोठी माणसं बिघडतात ती निराळ्या रीतीने. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून घेऊन मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे. तरी काळोख्या रात्री बंदरावर उभं राहिलं तर समुद्रात उजेडाचे पुंजके दिसतात. असं करणाऱ्या एकाशी मी बोललो आहे. माणूस देवभोळा, उधारी न बुडवणारा. "सगळेच करतात. मी नाही केलं तर बाहेरचा येऊन नेतो. आणि अधिकारी काय धुतल्या तांदळाचे?" ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड माट्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये अशा सबबींचे पाच प्रकार नोंदवले होते; 'नुकसान कुणाचंच नाही' हा त्यातलाच एक. त्यांचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं: गुन्हा करणाऱ्याला चांगलं-वाईट कळत असतं, म्हणूनच त्याला सबब लागते. तेव्हा त्याला नियम पुन्हा वाचून दाखवून उपयोग नाही. किनाऱ्यावर रिकामी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं त्याच्यासमोर बसवली, तर 'नुकसान कुणाचंच नाही' म्हणणं जड जातं.

आणि धाक? आमच्याकडे बागेला राखणा, म्हणजे राखण करणारा माणूस असतो, आणि जागेला राखणदार, म्हणजे ती जागा सांभाळणारी अदृश्य शक्ती. पुरुषभर गडगा ओलांडून हापूस काढणारा राखणदाराच्या झाडाला हात लावत नाही, कारण ती नजर चुकत नाही याची त्याला खात्री असते. शिक्षेच्या क्रूरपणापेक्षा तिची खात्री गुन्हा रोखते, असं इटलीचे विचारवंत बेकारिया यांनी १७६४ मध्ये लिहिलं. आजचं संशोधनही पकडलं जाण्याची शक्यताच जास्त परिणाम करते असं सांगतं. नुसती दहशत तर उलटते. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवण्याचे कार्यक्रम निघाले. त्यांची नीट तपासणी झाली तेव्हा, नेलेल्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं आढळलं. बागेत सापडलेल्या पोराला झाडाला बांधून मारणाऱ्यांनी हे वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला २०१५ चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाला नवी सुरुवात देण्याचं तत्त्व मानतो. गंभीर अपवाद सोडले तर त्याच्या दोषाची नोंद ठराविक मुदतीनंतर नष्ट करायची तरतूद त्यात आहे. वाडीला मात्र अशी मुदत नसते. आमच्या गावात सोळाव्या वर्षी दोन पेट्या आंबे चोरताना सापडलेला एक मुलगा होता. पुढे नऊ वर्षं तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करत राहिला, आणि नऊ वर्षं चहाच्या टपरीवर त्याच्या मागे 'आंबेचोर' ऐकू येत राहिलं. यंदाच्या शिमग्यात मानकऱ्यांनी त्याला नावाने हाक मारली आणि पालखीच्या दांड्याला खांदा द्यायला सांगितलं. तो हातातलं ग्रीस लुंगीला पुसत पुढे आला.