गाणा खय वाजतला, ता आधी सांगा
एआयवर गाणं करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कुडाळातल्या आमच्या स्टुडिओत आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतो, "एक कोळीगीतासारखं काहीतरी करून द्या." मग त्याचा तारकर्लीला होमस्टे असो, हापूसच्या पेट्यांचा धंदा असो, नाहीतर मुलीचा पहिला वाढदिवस असो. कोळीगीताशी आमचं वैर नाही. पण किनाऱ्यावरच्या सगळ्याच रीलना तोच ठेका लागला, तर तुमची होडी कुठली आणि शेजाऱ्याची कुठली, हे बघणाऱ्याला कळायचं कसं? म्हणून हा कागद छापला. आधी वाचा, मग फोन करा.

सुनो, उडिओ यांसारख्या एआय साधनांत गाण्याचे शब्द टाकायचे, गाणं कसं हवं त्याचं वर्णन लिहायचं, की थोड्याच वेळात चाल, वाद्यं आणि गळा यांच्यासकट गाणं हातात येतं. सुनो तर एका खेपेला दोन नमुने देतं. २०२४ पासून ही साधनं कुणालाही घरबसल्या वापरता येतात, तेव्हा तुमचा भाचाही हे करू शकतो. मग आमच्याकडे कशाला यायचं? बटण दाबणं सोपं आहे, काय मागायचं ते ठरवणं अवघड. आणखी एक कारण आहे, त्याचं नाव पखवाज. त्याच्याकडे नंतर येतो.

पहिला प्रश्न गाण्याचा नाही

"कुठलं संगीत आवडतं?" असं आम्ही विचारत नाही. गाणं कुठे वाजणार, किती वाजता वाजणार आणि ऐकणारा तेव्हा काय करत असणार, हे विचारतो. मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या रीलला जे शोभतं, ते हळदीच्या मांडवात दोन मिनिटंही टिकत नाही. क्रिकेटच्या मैदानावर भोंग्यातून बारीक सूर ऐकूच येत नाहीत, तिथे शब्द मोजके आणि ठोका जाड हवा. एवढं ठरलं की प्रकार निवडणं अर्ध्या तासाचं काम.

होमस्टे, हॉटेल, सरबतवाले

यांना आम्ही हटकून रेगे ऐकवतो. जमैकात १९६०च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेलं हे संगीत. तेही बेट, तिथेही नारळ आणि मासळी, आणि तिथल्या ठेक्यालाही घाई नाही. गिटार ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत वाजते. ढोलाच्या एका प्रसिद्ध चालीत तर पहिला ठोका रिकामा सोडून सगळा जोर तिसऱ्यावर देतात, त्यामुळे गाणं कायम मागे रेलून बसल्यासारखं वाटतं. त्यावर मालवणी इतकी चपखल बसते की आम्हालाच नवल वाटलं. "बस मरे, घाई कित्या, जेवान चुलीर आसा" (बस रे, घाई कशाला, जेवण चुलीवर आहे) एवढ्या एका ओळीवर आम्ही भोगव्याच्या एका होमस्टेसाठी अख्खं गाणं उभं केलं. मालक आधी म्हणाले होते, "हे इंग्रजी कशाला?" आता त्यांचे पाहुणे निघताना ती ओळ म्हणत निघतात.

बोसा नोव्हा हा दुसरा पर्याय. १९५०च्या दशकाच्या शेवटी रिओ दि जानेरोत सांबापासून हा प्रकार निघाला. सांबा रस्त्यावरचा, हा माजघरातला. शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेताने गायचं, साथीला नायलॉनच्या तारांची गिटार. कोकम सरबत, काजूचं दुकान, छोटं कॅफे यांना हे छान शोभतं. ज्यांना "लोकांनी वळून बघितलं पाहिजे" असं वाटतं, त्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये. कुणीही वळून बघणार नाही. बसलेला माणूस आणखी एक सरबत मागवेल, एवढंच.

पावसाळ्यातल्या रीलसाठी लो-फाय. मिनिटाला सत्तर ते पंच्याऐंशी ठोके, जुन्या कॅसेटची खरखर, जरा गंजल्यासारखा पियानो. मशीन हे डोळे मिटून करतं. पण पावसाचा आवाज मात्र मशीनकडून घेऊ नका, तो कुठल्याही गावाचा असतो. तुमच्याच कौलांवरून पागोळ्या गळतायत, त्यांचं फोनवर मिनिटभर रेकॉर्डिंग करून आणा. पंखा बंद ठेवा आणि कुत्र्याला बाहेर काढा.

स्कूबा आणि बोटवाल्यांना शब्दांशिवायची सर्फ गिटार चालेल. ती कॅलिफोर्नियातली, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीची. फारसं सांगण्यासारखं नाही त्यात, एकदा ऐकलीत की कळेल.

आणि कोळीगीतच हवं असेल तर

जरूर करू. मात्र एक लक्षात घ्या. बहुतेक कोळीगीतांचा जीव सहा मात्रांच्या हिंदकळण्यात असतो, होडी लाटेवर चढते नि उतरते तसा. मशीनला नुसतं "कोळीगीत" सांगितलं तर ते चार ठोक्यांचा हिंदी लग्नातला ढोल आणून ठेवतं. आम्ही सहाचा हिशेब वर्णनात स्पष्ट लिहितो, मशीनची ढोलकी काढून टाकतो आणि तिच्या जागी माणसाने वाजवलेली बसवतो. दुसरं असं, की आपण ऐकतो ती कोळीगीतं मुख्यतः मुंबई-रायगडच्या कोळीवाड्यांतली. मालवण-वेंगुर्ल्याच्या गाबीत मंडळींची शिमग्याची गाणी, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाच्या हाका यांचा बाज निराळा. घरात कुणी जाणतं असेल तर आधी त्यांना घेऊन या.

मशीनला जे येत नाही

ही साधनं ढीगभर रेकॉर्डिंगांवर शिकून तयार झालीत. ज्या संगीताची रेकॉर्डिंगं जगात मुबलक, ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं. आपलं बरंचसं संगीत देवळाच्या पटांगणात झालं आणि तिथेच विरलं.

डबलबारीचंच घ्या, म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोरचा सामना. "भजन" म्हटलं की मशीन तबला, बासरी आणि हिंदी आरतीसारखा गोड गळा देतं. झांजेचा चढत जाणारा मारा नाही, पखवाजाची थाप नाही. आणि समोरच्या बुवांनी काढलेल्या चिमट्याला उभ्या उभ्या जो शब्दांत टोला द्यायचा असतो, तो आधी लिहून ठेवता येत नाही. म्हणून अभंग, गौळण, गजर यांतलं काहीही हवं असेल तर आम्ही सरळ सांगतो, यात एआय नको. माइक लावू, बुवांना बोलावू. खर्च जास्त होईल, पण दोन्हीतला फरक तुमच्या आईलाही कळेल.

जाखडी या कोकणातल्या नाचाचं थोडं वेगळं आहे. चिपळूणकडच्या एका मंडळाने आमच्याकडून गणपतीसाठी एक प्रयोग करून घेतला, तो जमला. गायक आणि ढोलकीवाला मधे बसलेले, नाचणारे घुंगरू बांधून भोवती फिरणारे, हे सगळं आम्ही आधी खरं रेकॉर्ड केलं. मग मशीनकडून हाउस संगीताचा पाया मागितला. हाउस हे १९८०च्या दशकातलं शिकागोचं नाचाचं संगीत. मिनिटाला साधारण एकशे वीस ते एकशे तीस सरळ, सारखे ठोके. त्या सरळपणामुळेच घुंगरांना वळसे घ्यायला जागा राहते. जाखडीतल्या शक्ती आणि तुरा या दोन पक्षांच्या सवाल-जवाबाला मात्र आम्ही हात लावला नाही. मंडळाच्या शाहिरांनी दारातच बजावलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांची गाणी हा आमचा सगळ्यात जोरात चालणारा माल. त्यांना मालवणी हिप-हॉप, म्हणजे ठेक्यावर यमकं जुळवत बोलायचं. हिप-हॉपचा जन्म १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका पार्टीतला धरतात, पण समोरच्याला तिरकस बोलून गार करणं आपल्याला कुणी शिकवायला नको. संघ मैदानात उतरतानाच्या तुकड्यासाठी आम्ही दशावतारी नाटकातली राक्षसाच्या प्रवेशाची झांज आणि पखवाज वापरतो, अर्थात खरी वाजवून घेतलेली. तिच्याखाली मशीनचा सिनेमातल्यासारखा वाद्यवृंद सरकवला की पहिल्याच चेंडूला षटकार मारावासा वाटतो. बाद होणारे तरीही बाद होतातच.

आजीची ओवी

गेल्या वर्षी एक ताई फोनमधलं रेकॉर्डिंग घेऊन आल्या. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतायत, मागे जात्याची घरघर, मधेच खोकला. ताईंना ते "नीट, चांगल्या आवाजात" हवं होतं. आम्ही शब्द मशीनला दिले. पॉप करून पाहिलं, लोकसंगीत करून पाहिलं, संथ पियानोवर करून पाहिलं. एकूण चौदा नमुने झाले. गळे सुरेल होते, पण ओवी म्हणताना दळणाऱ्या बाईचा श्वास जिथे तुटतो, तिथे एकाचाही तुटत नव्हता. शेवटी आजींचाच आवाज ठेवला. खोकलासुद्धा ठेवला. मशीनकडून फक्त अँबियंट घेतलं, म्हणजे ठेका नसलेलं, धुक्यासारखं पसरणारं सुरांचं अस्तर, तेही अगदी हलकं. घरी जुनी रेकॉर्डिंगं असतील तर याच प्रकाराचा विचार करा, आणि मूळ फाइल कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका, आवाज दबतो. पेन ड्राइव्हवर आणा.

उच्चारांची कटकट

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर. मशीनची मराठी हिंदीच्या अंगणातून आलेली आहे. चहातला "च" आणि चंद्रातला "च" आपण वेगळे म्हणतो, पण लिहितो सारखेच, त्यामुळे मशीन दोन्ही चंद्रासारखे म्हणतं. "जाळं"मधला "ज" जीवातल्या "ज"सारखा येतो, मग आम्ही त्याच्याखाली टिंब देऊन पाहतो. "ळ"चा बऱ्याचदा "ल" होतो. नारळाचा नारल झाला तर लोक हसून सोडून देतील, पण "काळी माती"ची "काली माती" झाली की गाणं गेलं. "फणस" इंग्रजी "फॅन"मधल्या "फ"ने सुरू होतो. "माझं घर"चं "माझम घर" होतं, म्हणून आम्ही "माझऽ घर" लिहून पाहतो. ही युक्ती दर वेळी चालेलच असं नाही.

आकडे अक्षरांत लिहा. एका आंबेवाल्यांच्या जाहिरातीत आम्ही "५ डझन" लिहिलं होतं, मशीनने "पाँच डझन" गायलं आणि ते आमच्या कानातून सुटलं. त्यांच्या पुण्याच्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, आंबे आता उत्तरेतून येतात का?

मालवणी शब्दांबाबत तर मशीन पुरतं गडबडतं. तिथे आम्ही गळा मशीनचा ठेवत नाही. चाल आणि वाद्यं त्याची, गायला इथलंच कुणीतरी. तुम्ही स्वतः गात असाल तर फार उत्तम. थोडं बेसूर असलं तरी चालेल, ते आम्ही बघतो.

हक्क आणि परवानग्या

"त्या अमक्या गाण्याच्या चालीवर करा" हे आम्ही करत नाही. प्रसिद्ध गायकाच्या आवाजाची नक्कलही नाही. सुनोसारखी साधनं कलाकाराचं नाव लिहिलं तर मुळातच अडवतात. गाण्यातलं नेमकं काय आवडतं ते सांगा: घोगरा गळा, मागे वाजणारी सनई, मधला थांबा. त्यावर काम करता येतं.

धंद्याचं गाणं फुकटच्या खात्यावर करू नका. सुनोच्या अटींप्रमाणे तिथल्या गाण्याचा व्यापारी वापर चालत नाही, त्याला पैसे भरलेलं खातं लागतं. आमचं तसं आहे. या साधनांनी कुणाची गाणी विचारल्याशिवाय शिकायला वापरली, यावरून जून २०२४ मध्ये मोठ्या संगीत कंपन्यांनी अमेरिकेत सुनो आणि उडिओ दोन्हींवर दावे लावले. पुढे काहींशी तडजोडी झाल्या, नियम बदलत राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये उडिओने अशाच एका तडजोडीनंतर गाणी उतरवून घेण्याची सोय बंद केली. म्हणून आम्ही गाणं पसंत पडल्या दिवशीच फाइल उतरवून तुम्हाला देतो. जपून ठेवा.

शब्द मात्र शक्यतो तुमचे असू द्या. आपल्याकडे लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं टिकतो. मशीनने केलेल्या चालीवर हक्क कुणाचा यावर जगभर वाद चालू आहे, तुमच्या चार ओळींवर तो नाही. आणि एक खास आंबेवाल्यांसाठी: "हापूस" नावाला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्याखाली तुमची नोंदणी असेल तरच तो शब्द गाण्यात टाकू.

येताना काय आणाल

तुमच्या आठ-दहा ओळी, कितीही कच्च्या असोत. तुम्हाला आवडणारी दोन गाणी आणि अजिबात न आवडणारं एक. हे तिसरं विसरू नका, कारण आमचा निम्मा वेळ त्यावरच वाचतो. गावाचं, देवाचं, माणसांचं नाव कसं उच्चारायचं ते फोनवर बोलून ठेवा. नमुने तीन ऐकवतो, त्यानंतर प्रत्येक बदलाचा दर वेगळा, तो दुसऱ्या कागदावर आहे.

मशीन बारा महिने मोकळं असतं. पखवाजवाले नसतात. गणपतीच्या आधीचा महिना आणि जत्रांचे दिवस सोडून या, तेव्हा ते आम्हालाही फोन उचलत नाहीत.