व्यावसायिक महिला टेनिस : भारतीय खेळाडूची कारकीर्द

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) छोट्या बक्षीस रकमेच्या स्पर्धांपासून महिला टेनिस संघटनेच्या (डब्ल्यूटीए) मोठ्या स्पर्धांपर्यंतची चढण, असं या कारकिर्दीचं थोडक्यात स्वरूप आहे. टीव्हीवर विम्बल्डन दिसतं, त्यामुळे सगळं तिथेच घडतं असं वाटतं. पण बहुतेक भारतीय मुलींचं टेनिस ग्वाल्हेर, इंदूर, पुणे, सोलापूर, जोधपूर अशा शहरांतल्या आठवड्याभराच्या स्पर्धांमध्ये घडतं, आणि अनेकींचं तिथेच संपतंही. घरच्या मैदानावर असे आठवडे वर्षात किती मिळतात, यावर क्रमवारीतली झेप बरीचशी ठरते.

याचं चांगलं उदाहरण ग्वाल्हेरातच आहे. मार्च २०१८ मध्ये इथे २५ हजार डॉलर बक्षिसाची आयटीएफ महिला स्पर्धा झाली. अंतिम फेरीत अंकिता रैनाने फ्रान्सच्या अमांडीन हेसला हरवलं. या दर्जाचं तिचं आधीचं एकेरीचं विजेतेपद २०१४ च्या अखेरीस पुण्यातलं, म्हणजे मध्ये तीन वर्षांहून अधिक काळ कोरडा गेला होता. त्या काळी २५ हजारांच्या स्पर्धेतल्या विजेतीला ५० गुण मिळत. त्या गुणांनी एप्रिलमध्ये अंकिता पहिल्या दोनशेत आली. तिच्याआधी एकेरीत इथवर पोहोचलेल्या भारतीय खेळाडू चारच: निरुपमा वैद्यनाथन, सानिया मिर्झा, शिखा ओबेरॉय आणि सुनीता राव. यातल्या शिखा आणि सुनीता अमेरिकेत वाढल्या आणि तिथेच शिकल्या. म्हणजे भारतात घडून दोनशेत शिरलेली अंकिता तिसरी. तानसेन समारोहाच्या मैफलींना आवर्जून जाणाऱ्या, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या किती मराठी घरांनी तो अंतिम सामना पाहिला असेल, याबद्दल मात्र शंकाच आहे. अशा स्पर्धांना तिकीट नसतं, आणि गर्दीही नसते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंकिताने एकेरीचं कांस्यपदक मिळवलं. महिला एकेरीत असं पदक तिच्याआधी फक्त सानियाने आणलं होतं. मार्च २०२० मध्ये अंकिता १६० व्या क्रमांकावर पोहोचली, आणि हीच तिची एकेरीतली सर्वोत्तम जागा. अहमदाबादेत जन्मलेली ही मुलगी किशोरवयातच पुण्याला हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकायला आली. गुजरात सरकारच्या शक्तिदूत योजनेतून तिला मदत मिळाली. पुढे तिने ओएनजीसीत नोकरी धरली.

क्रमवारीचं गणित असं चालतं. गुण ५२ आठवडे टिकतात. त्या काळातल्या एकेरीच्या ठरावीक सर्वोत्तम स्पर्धाच धरल्या जातात. पूर्वी त्या १६ होत्या, २०२४ पासून १८ आहेत. क्रमवारीत नाव यायला तीन स्पर्धांमध्ये तरी गुण हवेत, नाहीतर एकूण १० गुण हवेत. मार्चमध्ये मिळवलेले ५० गुण पुढच्या मार्चमध्ये खात्यातून गळतात. त्यांच्या जागी तेवढेच गुण आणले नाहीत तर क्रमांक खाली घसरतो. खेळाडू याला ‘पॉइंट डिफेंड करणं’ म्हणतात. चांगला गेलेला आठवडा वर्षभराने डोक्यावर असा बसतो. त्यातही गेल्या वर्षीची स्पर्धा यंदा त्या शहरात भरतच नसेल, तर तेच गुण परदेशात, स्वतःच्या खर्चाने, अनोळखी कोर्टवर मिळवावे लागतात.

स्पर्धांच्या पायऱ्या पूर्वी बक्षिसाच्या रकमेवरून ओळखल्या जात. २०१६ पर्यंत सर्वांत खाली १० हजार डॉलर होते, मग ते १५ हजार झाले. २०२४ पासून डब्ल्यू१५, डब्ल्यू३५, डब्ल्यू५०, डब्ल्यू७५ आणि डब्ल्यू१०० अशी रचना असून हे आकडे विजेतीच्या गुणांचे आहेत, बक्षिसाचे असतीलच असं नाही. या बदलात तळाच्या स्पर्धेच्या विजेतीचे गुण १० वरून १५ झाले, तर मधल्या २५ हजारांच्या जागी आलेल्या डब्ल्यू३५ स्पर्धेत ५० ऐवजी ३५ च गुण उरले. अंकिताने ग्वाल्हेरात मिळवलं तेवढं मोल आज त्याच पातळीवर एका विजेतेपदाने मिळत नाही. ग्रँड स्लॅमच्या १२८ जणींच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश साधारण पहिल्या शंभरातल्यांना मिळतो. दुसऱ्या शंभरातल्यांना पात्रता फेरीचं दार उघडतं. म्हणून या वाटेवर दोनशे हा आकडा फार मोठा. तिनशेवरची खेळाडू वर्षभर देशोदेशी फिरते आणि दोनशेच्या आतली ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढते, पण दोघींच्या खेळातला फरक प्रेक्षकाला सहज दिसणारही नाही.

पैशाची बाजू उघड आहे. पंधरा हजार डॉलर ही संपूर्ण स्पर्धेची रक्कम असते. ती एकेरीतल्या ३२ जणी आणि दुहेरीतल्या १६ जोड्यांमध्ये वाटली जाते. एकेरीच्या विजेतीला त्यातले सव्वादोन-अडीच हजार मिळतात. पहिल्याच फेरीत हरलेलीला दीडशेच्या आसपास, त्यातूनही कर कापला जातो. हॉटेल, प्रवास, प्रशिक्षक आणि फिजिओचा खर्च यातून निघत नाही. म्हणून बऱ्याच मुली प्रशिक्षकाऐवजी आईला किंवा बाबांना बरोबर घेऊन फिरतात. सामान सांभाळणं, जेवणाची सोय आणि हरल्यावरची संध्याकाळ सोसणं, हे सगळं त्या एकाच माणसावर येतं.

आठवडा जवळून पाहिला तर असा दिसतो. प्रवेशिका अडीच आठवडे आधी ऑनलाइन जाते. यादी लागली की सगळ्यांची नजर ‘कट’वर जाते, म्हणजे शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर थांबला त्यावर. वरच्या मुलींनी नावं काढून घेतली तर यादी पुढे सरकते. मुख्य फेरीत चार वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता द्यायच्या जागा, असतात. यजमान संघटना ती बहुधा स्थानिक किंवा उगवत्या मुलींना देते. लहान शहरातल्या मुलीला पहिला गुण मिळवायची संधी बहुतेकदा इथूनच येते, आणि स्पर्धा भरवणाऱ्या शहराचा खरा फायदा याच चार जागांत आहे. पात्रता फेरी मुख्य फेरीच्या आधी उरकते. तिथे अनेकदा बॉल बॉय नसतात, चेंडू आपला आपण गोळा करायचा. हॉटेलच्या कोपऱ्यात किंवा क्लबच्या व्हरांड्यात यंत्र मांडून बसलेल्या माणसाकडे रॅकेटच्या गटिंगसाठी, म्हणजे तारा ताणून बसवून घ्यायला, रांग लागते. मार्चच्या दुपारी उन्हात चेंडू जास्त उसळतो, संध्याकाळी गारव्यात तो जड होतो. म्हणून एकाच दिवशी एकेरी आणि दुहेरी खेळणारी मुलगी दोन वेगवेगळ्या ताणांची रॅकेट हाताशी ठेवते. शनिवारी हरलेल्यांनी खोल्या सोडलेल्या असतात, आणि अंतिम सामना पाहायला उरतात ते आयोजक, लाइन अंपायर आणि अकादमीतली मुलं.

हवामानाचाही स्पर्धांच्या तारखांवर हात आहे. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरचं धुकं उशिरापर्यंत उठत नाही, कोर्ट दवाने ओलं राहतं. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. मध्ये फेब्रुवारी-मार्चची खिडकी उरते. म्हणून उत्तर आणि मध्य भारतातल्या स्पर्धा वर्षभर विखुरलेल्या नसून एकापाठोपाठ एक येतात. त्या दोन महिन्यांत जी दुखापतीने घरी बसली, तिचं वर्षभराचं गणित बिघडतं.

ग्वाल्हेरात शारीरिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १८५७ च्या शताब्दीनिमित्त १९५७ साली इथे उभं राहिलेलं लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थान आज अभिमत विद्यापीठ आहे. पण तिथून शिक्षक आणि प्रशिक्षक घडतात. पूर्णवेळ व्यावसायिक टेनिससाठी मुलीला बाहेर पडावं लागतं, आणि मराठी घरांची ती वाट बहुधा पुण्याकडे जाते. झेलम एक्स्प्रेस आणि गोवा एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या ग्वाल्हेरला थांबून पुण्याला पोहोचतात. पुण्यात आत्या, मावशी किंवा काका असतोच, म्हणून दिल्ली जवळ असूनही घरच्यांना पुणं सोपं वाटतं. निर्णय टेनिसचा असला तरी तो नात्यांच्या हिशेबाने घेतला जातो. इंदूरचं चित्र थोडं वेगळं आहे. महक जैन ही इंदूरची खेळाडू २०१९ मध्ये फेड कपच्या, म्हणजे देशादेशांमधल्या महिला सांघिक स्पर्धेच्या, भारतीय संघात होती.

इतिहासात मागे गेलं की एक मराठी नाव आधी भेटतं. संस्कृत विद्वान शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या क्षमा राव या संस्कृतात लिहीत आणि टेनिसही खेळत. त्यांची मुलगी लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनमध्ये एक सामना जिंकला, आणि तिथे जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. संस्कृत काव्य आणि टेनिस यांची अशी जोडी पुन्हा दिसलेली नाही. त्यानंतर मध्ये फार मोठी पोकळी आहे. व्यावसायिक युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीतला पहिला विजय १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये निरुपमा वैद्यनाथनने मिळवला. सानिया २००५ मध्ये हैदराबादला डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली आणि २००७ मध्ये एकेरीत २७ व्या क्रमांकावर गेली. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं तिच्या नावावर आहेत, तीन मिश्र दुहेरीतली आणि तीन मार्टिना हिंगिससोबतची. सानियाची पहिली डब्ल्यूटीए स्पर्धाही घरच्या शहरातलीच होती, हे सहसा कुणी सांगत नाही.

दुहेरी हा भारतीय महिलांचा खरा आधार. खांद्यावर आणि पायांवर भार कमी पडतो, चांगली जोडीदार मिळाली तर वरच्या स्पर्धांमध्ये लवकर शिरता येतं. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सानियासोबत कांस्यपदक जिंकली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला खेळली. पुण्याच्या ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोऊत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. पहिला सेट गमावल्यावर त्यांनी तैवानच्या जोडीला मागे टाकलं. ऋतुजा त्याआधी अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून खेळली होती. शिष्यवृत्तीवर अमेरिकेत चार वर्षं शिकत खेळायचं, पदवी हातात घ्यायची आणि मग आयटीएफच्या फेऱ्यांत परतायचं, ही वाट आता अनेक मुली धरतात. अठरा-एकोणिसाव्या वर्षी शिक्षण सोडून क्रमवारीमागे धावण्यापेक्षा ती शहाणपणाची आहे, असं या नोंदीच्या लेखकाचं मत आहे.

वयाचे नियमही आहेत. चौदा वर्षांच्या आत व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाही, आणि अठरा पूर्ण होईपर्यंत वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या याची मर्यादा असते. दुसऱ्या टोकाला दुखापत आणि बाळंतपण येतं. त्यासाठी ‘विशेष क्रमवारी’ची सोय आहे: परतणारी खेळाडू थांबण्याआधीच्या क्रमांकावर ठरावीक स्पर्धांमध्ये प्रवेश मागू शकते. मुलाच्या जन्मानंतर जानेवारी २०२० मध्ये सानिया होबार्टला परतली आणि नादिया किचेनोकसोबत दुहेरी जिंकली. पण जपला जातो तो क्रमांकच. साडेतिनशेव्या क्रमांकावर थांबलेली खेळाडू परत आली तर तिला प्रवेश पुन्हा डब्ल्यू१५ आणि डब्ल्यू३५ च्याच स्पर्धांत मिळतो, आणि बाळाला सांभाळायला बरोबर येणाऱ्या माणसाचा खर्च त्या बक्षिसात कुठेही धरलेला नसतो.