स्टोनहेंज आणि एव्हबरी: दगड सारखे, गोष्ट निराळी

‘स्टोनहेंज’ म्हणून पुढे ढकललेल्या फोटोत दगडांच्या मागे गवताने शाकारलेलं घर दिसत असेल, किंवा कुणी दगडाला पाठ टेकून डबा खात बसलं असेल, तर तो फोटो बहुधा स्टोनहेंजचा नसतो, एव्हबरीचा असतो. गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही म्हणजे हजारो वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या दगडांची वर्तुळं, इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, एकमेकांपासून सरळ रेषेत जेमतेम २८ किलोमीटरवर. दोन्ही नवाश्मयुगात सुरू झालेली, आणि १९८६ साली जागतिक वारसा यादीत दोघांची नोंद झाली तीही एकत्रच.

स्टोनहेंज ओळखायला सोपं. तिथल्या मोठ्या शिळा घडवून, तासून उभ्या केलेल्या आहेत आणि त्यांच्या डोक्यावर आडव्या शिळा आहेत. उभ्या शिळेच्या माथ्यावर उंचवटा आणि आडवीच्या पोटात खळगा, असा सांधा. ही रचना साधारण इ.स.पू. २५०० ची. लहान निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतून आणले, आणि मधोमध पडलेली ‘वेदी शिळा’ तर थेट स्कॉटलंडच्या ईशान्येकडची असल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. कारागिरीत एव्हबरी याच्या जवळपासही येत नाही. तिथले दगड जसे मिळाले तसेच, ओबडधोबड, आणि आडवी शिळा एकही नाही.

आकाराचं म्हणाल तर चित्र उलटं होतं. स्टोनहेंजचं मोठ्या शिळांचं वर्तुळ तीसेक मीटर रुंद. एव्हबरीचा मातीचा गोल बांध चारशे मीटरहून जास्त व्यासाचा, त्याच्या आत शंभराच्या आसपास दगडांचं वर्तुळ आणि त्याच्याही पोटात आणखी दोन वर्तुळं. जॉन ऑब्री या जिज्ञासू गृहस्थाने १६४९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने हे पाहिलं आणि पुढे लिहून ठेवलं की कॅथेड्रलपुढे गावचं चर्च जसं, तसं एव्हबरीपुढे स्टोनहेंज. आणखी एक खूण: एव्हबरीचा खंदक बांधाच्या आतल्या बाजूला आहे, स्टोनहेंजचा बाहेरच्या. आत खंदक असलेला तट म्हणजे गावाच्या बचावासाठी केलेलं काम नव्हे, एवढं नक्की.

पण खरा फरक असा की एव्हबरीच्या वर्तुळात गाव वसलं आणि स्टोनहेंजच्या वाट्याला ते आलं नाही. स्टोनहेंज अ‍ॅम्सबरीच्या हद्दीत येतं खरं, पण अ‍ॅम्सबरी तिथून तीनेक किलोमीटर लांब. एव्हबरीत मात्र डांबरी रस्ता दगडांच्या मधून जातो, घरं आत आहेत, आणि सेंट जेम्सचं चर्च तटाला लागूनच पश्चिमेला. त्या चर्चचा मूळ गाभा सॅक्सन काळातला आहे. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावर बिशप आणि त्याच्या पायाशी घोटाळणारे नागासारखे ड्रॅगन कोरलेत. शेजारच्या ‘मूर्तिपूजक’ दगडांवरचा हा टोमणा आहे असं बरेच जण मानतात. मला ते पटायला हरकत नाही, कारण चौदाव्या शतकात गावकऱ्यांनी इथले कितीतरी दगड खड्डे खणून जमिनीत पुरले. १९३८ मध्ये अशाच एका दगडाखाली माणसाचा सांगाडा निघाला. सोबत कात्री, वैद्याचं टोकदार हत्यार आणि १३२० च्या दशकातली नाणी. दगड पुरताना तो चिरडला गेला, ही गोष्ट लगेच पसरली. हाडं पुन्हा तपासली तेव्हा मात्र चिरडल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. तरी गावात सांगितली जाते ती पहिलीच कथा.

सतराव्या-अठराव्या शतकांत दगडांची भीती सरली आणि व्यवहार सुरू झाला. दगडाखाली जाळ करायचा, तापल्यावर त्यावर गार पाणी ओतायचं, मग घणाने फोडायचा. प्राचीन अवशेषांचा अभ्यासक विल्यम स्टकली याने १७२० च्या दशकात हे डोळ्यांनी पाहून नोंदवलं. फुटलेले तुकडे गावाच्या भिंतींत गेले. १६६५ च्या कायद्याने सरकारमान्य चर्चपासून फुटलेल्या धर्मोपदेशकांना सनदी शहरांच्या पाच मैलांत यायला बंदी केली. आसपासच्या शहरांपासून एव्हबरी नेमकं तेवढं लांब होतं, म्हणून अशा लोकांनी वर्तुळाच्या आतच आपलं चॅपल बांधलं, आणि तेही फोडलेल्या शिळांचंच. जवळच ‘रेड लायन’ हा गवती छपराचा पब. त्याच्या आत खोल जुनी विहीर आहे, वर काच टाकून तिचं टेबल केलेलं. भुताचीही एक गोष्ट आहे, पण इंग्लंडमधल्या कुठल्या जुन्या पबला ती नसते?

म्हणून आज दिसतं ते एव्हबरी बरंचसं विसाव्या शतकातलं आहे. मार्मलेडच्या धंद्यातून पैसा आलेल्या अलेक्झांडर केलरने १९३० च्या दशकात पुरलेले दगड काढून पुन्हा उभे केले आणि जिथले नाहीसे झाले तिथे काँक्रीटचे खांब रोवले. त्यासाठी काही घरंही पाडली. हे गावाला आवडलं असेल असं वाटत नाही. स्टोनहेंजची वाट सोपी होती: १९१५ मध्ये सेसिल चब यांनी लिलावात ते ६,६०० पौंडांना घेतलं आणि तीन वर्षांनी देशाला देऊन टाकलं.

जायचं असेल तर एवढं पुरे. लंडनहून निघणाऱ्या विंडसर-बाथच्या एका दिवसाच्या सहलीत असतं ते स्टोनहेंज. तिथे तिकीट लागतं, आणि एरवी दोराबाहेरूनच पाहावं लागतं. एव्हबरीच्या दगडांना तिकीट नाही, हातही लावता येतो. गाडी नेलीत तर पार्किंगचे पैसे तेवढे पडतील. गाडी नसेल तर स्विंडनपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर मी एव्हबरी सांगेन, आणि वर्तुळ फिरून झाल्यावर चर्चमधलं ते कुंड बघायला विसरू नका.