कपाटातली बंदूक आणि मित्राला ठाऊक असलेली गोष्ट

गावठी पिस्तूल आणि जिवंत काडतुसांसह तरुण ताब्यात, ही बातमी सातारा-सांगलीकरांना आता नवी राहिलेली नाही. सापळा रचला, अंगझडती घेतली, कमरेला खोचलेलं पिस्तूल मिळालं, माल मध्य प्रदेशाच्या सीमेवरून आला. मजकूर जवळपास पाठ झालाय. खुपतं ते आरोपीचं वय. एकोणीस, वीस, बावीस. तरीही शाळेत गोळीबार होणं हा अमेरिकेचा प्रश्न, असंच आपण धरून चालतो.

डिसेंबर २००७ मध्ये गुरगावच्या एका शाळेत आठवीतल्या मुलाला वर्गातल्याच दोघांनी गोळ्या घातल्या आणि तो गेला. पिस्तूल त्या दोघांपैकी एकाच्या वडिलांचं होतं. जानेवारी २०१८ मध्ये यमुनानगरला बारावीच्या विद्यार्थ्यानं वडिलांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरनं मुख्याध्यापिकेचा जीव घेतला. जुलै २०२४ मध्ये बिहारच्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतल्या पोराच्या दप्तरात पिस्तूल आलं आणि तिसरीतला मुलगा जखमी झाला. या मुलांना हत्यार कुठल्या टोळीनं पुरवलं नव्हतं. ते घरात होतं.

साताऱ्यात घरात बंदूक असण्याचं कुणाला अप्रूप नाही. हा फौजी जिल्हा आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये इथंच सुरू झाली. निवृत्तीनंतर बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी करणारे कितीतरी माजी सैनिक स्वतःची बारा बोअरची बंदूक बाळगून असतात. पाटण-जावळीकडं रानडुकरं आणि गव्यांच्या त्रासामुळं शेतसंरक्षणाचे परवाने आहेत. यातले बहुतेक जण शिस्तीचे आणि जबाबदार आहेत, आणि हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं तेच आहेत. कारण धोका बंदूक चालवता येणाऱ्या माणसाकडून कमी आणि त्याच्या घरातल्या नातवाकडून जास्त असतो.

अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग प्रत्येक परवानाधारकाला सांगावा असा आहे. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटानं एका खोलीत बसवलं. पलीकडून पाहता येईल असा आरसा भिंतीत होता. एका खणात खेळण्यातली पाण्याची पिस्तुलं, दुसऱ्यात खरी हँडगन. तिच्यात गोळी नव्हती, पण चाप पुरेशा जोरानं ओढला की पलीकडं दिवा लागायचा. २९ पैकी २१ गटांना ती सापडली. १६ गटांनी ती हातात घेतली. १० गटांत कुणीतरी चाप ओढला. आणि ज्या मुलांनी ती हाताळली किंवा चाप ओढला, त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीपासून दूर राहायचं हे आधी कुणीतरी शिकवलेलं होतं!

म्हणजे ‘आमच्या पोराला सांगून ठेवलंय’ हे पुरत नाही. ‘त्याला माहीतच नाही कुठं ठेवलीय’ हेही नाही. २००६ च्या एका अभ्यासात आईवडील आणि मुलं यांना वेगवेगळं विचारलं. मुलाला जागा माहीत नाही असं ज्या पालकांनी ठामपणे सांगितलं, त्यांच्यापैकी ३९ टक्के पालकांच्या मुलांनी ती जागा आपल्याला माहीत असल्याचं सांगितलं. दिवाळीचा फराळ माळ्यावर दडवून ठेवणाऱ्या आईला याचं नवल वाटणार नाही.

उपयोग होतो तो कुलपाचा. २००५ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी बंदूक असलेल्या घरांची तुलना केली. मुलानं स्वतःला इजा केलेली किंवा अपघातानं गोळी सुटलेली घरं एका बाजूला, तसं काही न घडलेली दुसऱ्या बाजूला. बंदूक कुलपात ठेवणं, ती रिकामी ठेवणं, काडतुसं कुलपात ठेवणं आणि बंदुकीपासून वेगळ्या जागी ठेवणं, या चारही सवयी सुरक्षित घरांत जास्त आढळल्या. बंदूक कुलपात असली की धोका सुमारे पाव पटीवर येत होता.

इस्रायलच्या लष्करात तर कोवळ्या वयाचे सैनिक सुट्टीला घरी जाताना रायफल बरोबर नेत. २००६ मध्ये ती छावणीतच ठेवून जायचा नियम झाला. त्या वयाच्या सैनिकांमधल्या आत्महत्या ४० टक्क्यांनी घटल्या आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. सैनिक तेच, ताण तोच. स्वतःचा जीव घेण्याची लाट येते तेव्हा ती फार वेळ टिकत नाही. त्या वेळात हत्यार हाताशी नसलं की माणूस वाचतो. आपल्याकडं आचारसंहिता लागली की परवानाधारक पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करतात आणि तेवढे दिवस घराचं काही अडत नाही. घरात एखादं पोर खचलेलं, धुमसणारं असेल तर ठाण्यात जाऊन तशी सोय विचारायला निवडणुकीची वाट कशाला पाहायची?

आता कुणी म्हणेल, आपल्या पट्ट्यात पोरांच्या भांडणात निघतो तो कोयता. खरं आहे. ऊसतोडीचं हत्यार पोरांच्या हातात आलंय ही आपली मोठी दुखरी गोष्ट आहे. पण म्हणूनच कोयत्याच्या जागी कट्टा येण्याची भीती वाटते. अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ फ्रँकलिन झिमरिंग यांनी १९६८ मध्ये शिकागोतल्या चाकूहल्ल्यांची आणि बंदुकीच्या हल्ल्यांची तुलना केली. दोन्हींमागची भांडणं बरीचशी एकाच जातीची. पण बंदुकीच्या हल्ल्यात माणूस मरण्याचं प्रमाण सुमारे पाचपट. राग तेवढाच, परिणाम पाचपट. त्यात गावठी कट्टा म्हणजे न मोजलेल्या मापाचं, न तपासलेलं लोखंड. तो कधी सुटेल, कधी हातातच फुटेल, याचा भरवसा नाही. अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक आहे. तोवर ते स्थान वाहन अपघातांचं होतं.

याच वयात हे का घडतं, याचं उत्तर काही अंशी मेंदूत आहे. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे आवेगाला लगाम घालणारा भाग, पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकटी असताना १३ ते १६ ची मुलं धोका पत्करण्यात मोठ्यांच्या फार पुढं नव्हती. मित्र बघायला उभे राहिले की मात्र ती भलतीच धाडसी झाली. चोविशीपुढच्यांवर मित्रांचा जवळपास फरक पडला नाही. आता मित्रांच्या जागी रील बघणारे शेकडो जण ठेवा. हातात पिस्तूल, मागं ‘भाई’ची गाणी, खाली कॉमेंटमध्ये आगीच्या इमोजी. पोरगं एकटं असतं तर त्यानं ते पिस्तूल काढलंच नसतं, असं कितीदा तरी असतं.

हा लगाम शिकवता येतो, ही यातली सगळ्यात आशेची बाब. शिकागोच्या गरीब वस्त्यांतल्या शाळांत मुलांच्या जोड्या करतात. एकाच्या हातात चेंडू. दुसऱ्याला ३० सेकंद. चेंडू मिळव. झोंबाझोंबी, ओढाताण, मुठी उघडायचा आटापिटा. मग शिक्षक विचारतात, ‘अरे, मागितलास का नाही?’ मुलं म्हणतात, त्यानं दिलाच नसता. चेंडूवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, नीट मागितला असता तर दिला असता, नुसता चेंडूच तर आहे. आठवड्यातून एक तास अशी सत्रं, समोरच्याच्या मनात काय आहे हे गृहीत धरण्याआधी थांबायची सवय. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे मुलं निवडून हे तपासलं, तेव्हा कार्यक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. पहिल्या चाचणीत मात्र कार्यक्रम संपल्यावर हा फरक ओसरला. तालमीत वस्ताद एक वर्ष मेहनत करून घेऊन पोरांना सोडून देत नाहीत. हेही तसं चालू ठेवावं लागणार.

शाळेच्या फाटकावर मात्र मी फार भिस्त ठेवणार नाही. अमेरिकेतल्या १९८० ते २०१९ मधल्या १३३ शालेय गोळीबारांच्या अभ्यासात सशस्त्र रक्षक असलेल्या शाळांत मृत्यू कमी दिसले नाहीत, उलट जवळपास तिप्पट दिसले. रक्षकामुळंच ते वाढले असा याचा अर्थ नाही. पण अनेक हल्लेखोर मरायच्याच तयारीनं आलेले असतात. त्यांना बंदूकधारी रक्षकाची भीती वाटत नाही.

खरी वेळ त्याच्या कितीतरी आधी असते. एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाईन शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर अमेरिकी सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्यानं १९७४ ते २००० मधले ३७ शालेय हल्ले उकलून पाहिले. हल्लेखोर ४१. त्यांत एकलकोंडे होते तसे मित्रांत रमणारेही होते, नापास होणारे होते तसे हुशारही. चेहऱ्यावरून ओळखावं असं काही निघालं नाही. पण ८१ टक्के हल्ल्यांत निदान एकाला तरी आधी ठाऊक होतं. आणि ठाऊक असणारा जवळजवळ नेहमी मित्र, वर्गातला किंवा भाऊ-बहीण. मोठं माणूस क्वचित.

मग मूल बोलत का नाही? ‘सर, एक सांगू? पण माझं नाव येऊ देऊ नका,’ एवढं म्हणायलाही त्याला सरांबद्दल खात्री लागते. मागच्या वेळी सांगणाऱ्यालाच ऑफिसात उभं केलं असेल, किंवा ‘चहाडखोर’ म्हणून वर्गानं वाळीत टाकलं असेल, तर ते गप्पच बसणार. २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारनं प्रत्येक शाळेला तक्रारपेटी बसवायला बजावलं. पेटी लागली. पण मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, सीसीटीव्हीच्या बरोबर समोर लटकवलेल्या पेटीत चिठ्ठी टाकणार कोण? कोलोरॅडो राज्यात कोलंबाईननंतर नाव न सांगता कळवायची ‘सेफटूटेल’ ही सोय झाली, तेव्हा आलेल्या खबरांत बंदुकीपेक्षा आत्महत्येचे विचार आणि छळ यांच्याच जास्त होत्या. जी शाळा त्या ऐकून घेते, तिलाच एक दिवस बंदुकीचीही खबर मिळते.

खबर मिळाल्यावर पोराला दाखला देऊन घालवून देणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेत पार्कलँडच्या शाळेत १७ जणांना मारणारा तिथलाच माजी विद्यार्थी होता. शाळेतून तो आधीच बाहेर गेला होता. मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात बसवलेली पद्धत वेगळी आहे. मुख्याध्यापक, समुपदेशक आणि पोलीस मिळून आधी एवढंच ठरवतात: ही रागाच्या भरातली बडबड, की हिच्यामागं तयारी आहे? बडबड असेल तर बोलून, माफी मागून मिटतं. तयारी असेल तर ज्याच्यावर रोख आहे त्याला आणि त्याच्या घरच्यांना सावध करायचं, हत्याराची वाट बंद करायची आणि धमकी देणाऱ्यावर नजर ठेवत त्याला मदतही करायची. २०१३ पासून व्हर्जिनियातल्या सरकारी शाळांना असं पथक कायद्यानं सक्तीचं आहे.

आपल्याकडं यासाठी नवं खातं लागत नाही. शिक्षक-पालक संघाच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारता येतील. तक्रारपेटी कोण उघडतं आणि किती दिवसांनी? मुलानं स्टेटसला पिस्तूल ठेवलेलं दिसलं तर शाळेतून पहिला फोन कुणी, कुणाला करायचा? आणि ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांनी ती आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत ठेवली आहेत का? तातडी असेल तर ११२, मुलांसाठी १०९८, आणि मनातली घालमेल बोलायची असेल तर टेलिमानसचा १४४१६. हे तीन आकडे वर्गाच्या फळ्याशेजारी, कॅमेऱ्याची नजर पोचणार नाही अशा ठिकाणी लिहून ठेवावेत.